देवरावचा टायमर

अंजनाबाईची नजर काचबिंदूने गेली तेव्हा तिचं वय जेमतेम अडतीस होतं. वरोऱ्याला आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. नवरा देवराव कापसाच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होता. मूलबाळ नव्हतं. दिवसभर ती घरात एकटी असायची आणि दिवस कलला की तिला वेळेचा अंदाज राहायचा नाही. स्टोव्ह फार लवकर पेटवायची, नाहीतर विसरून जायची.

देवरावने जिनिंगच्या भंगारातला एक टायमर आणला. पत्र्याचा डबा, आत विजेवर फिरणारी चकती, चकतीला खिळ्या. बाईच्या रेडिओची वायर त्याने त्यातून घेतली. रोज संध्याकाळी साडेपाचला डब्यात ‘टक’ व्हायचं आणि रेडिओ लागायचा.

“रेडिओ लागला का चहा ठेव,” त्याने सांगितलं. “चहा उकळेपर्यंत मी येतो.”

चार वर्षं तो तसाच येत राहिला. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत जिनिंगच्या आवारातला दिवा दुरुस्त करताना तो खांबावरून पडला आणि जागीच गेला.

माती देऊन माणसं परत आली, ओसरीवर बसली. तेवढ्यात आत टक झालं आणि रेडिओवर बातम्या सुरू झाल्या. अंजनाबाई उठली, चाचपडत स्टोव्हपाशी गेली. तिला अडवायची कोणाची हिंमत झाली नाही.

त्यानंतर ती रोज चहा ठेवायची. पण उन्हाळ्यात वीज जाऊ लागली. रेडिओ सहाला लागायला लागला, मग सात वाजता, मग साडेसात. बाई दारात बसून राहायची, रेडिओ लागेपर्यंत घोटभर पाणीही घ्यायची नाही.

“आजकाल लय उशीर करून राह्यला तो,” ती म्हणायची.

माझी सासू कलाबाई चिडायची. “तो डबा काढून फेक नं वो बाई! काऊन जीव जाळून राह्यली?”

शेवटी सासूने हरिदासला बोलावलं. तो देवरावच्या हाताखाली शिकलेला. त्याने बाईचं बोट धरून चकतीवर ठेवलं.

“हे विजेवर फिरते, बाई. लाईन गेली का थांबते. तेवढा वेळ मागं पडते.”

बाईने चकतीवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “देवराव कधी मागं पडत नव्हता. बरोबर करून दे.”

हरिदासने साडेपाचवर लावून दिलं.

श्रावणात वादळ झालं, खांब पडले. दोन दिवस गावात वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे तांदूळ निवडत बसले होते. बाईने एकदम मान वर केली.

“झालं नं टक?”

रेडिओ गप्प होता. मी म्हटलं, “नाई वो बाई. लाईनच नाई तर कसं होईन?”

खोटं बोलले मी. टक मलाही ऐकू आलं होतं.

हरिदासला विचारलं तर तो म्हणाला, वीज नसताना चकती फिरूच शकत नाही. सासू बाहेरबाधेचं पुटपुटली. अंजनाबाई तिच्यावर तडकली. “भूतबित मी मानत नाई. आम्ही बुद्धाची दीक्षा घेतलेली माणसं. ऐकू आलं तेवढं सांगून राह्यली.” मग हरिदासला म्हणाली, “पण आता काढ ते. एवढी वाट नाई पाहवत.”

त्याने वायरी सोडवल्या. डबा घरी न नेता रेल्वे लाईनीपल्याडच्या नाल्यात टाकून आला.

अंजनाबाई त्यानंतर बारा वर्षं जगली. वाती वळून विकायच्या, बाजारात जाऊन भाव करायचा, सगळं हाताच्या अंदाजावर शिकली. संध्याकाळी पाच वाजता मात्र ती कुलूप घालून माझा हात धरायची आणि आम्ही विहारात जायचो. वंदना संपून परत यायला सात वाजायचे. साडेपाचला ते घर रिकामं असायचं. निदान आम्ही दोघी तसं धरून चालायचो.