मोजणीच्या आठवड्यात दडवलेल्या गाड्या

कापसाच्या दिवसांत जालन्याच्या पुलावरून पलीकडे जायचं म्हणजे दुपारची भाकर बांधून निघावं लागे. परतुराकडून, कुंभार पिंपळगावाकडून गाड्या येत आणि पुलाच्या तोंडाशी जुवाला जू घासत अडकून पडत. भरलेली गाडी मागं सरकत नाही, आणि रिकाम्या गाडीचा गाडीवान मागं सरकायला तयार नसे. त्यातच गावातली एकुलती एक मोटार, कापसाची जिन चालवणाऱ्या एका शेटची, भोंगा वाजवत घुसे. बैल बुजत आणि कुणाच्या तरी गाडीचा आस मोडे. आस मोडला की आमची चूल पेटे. बाजाररस्त्यावर आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गाडीची चाकं करायचं दुकान होतं. मिसरूड फुटल्यापासून मी त्यांच्या हाताखाली चाकांवर लोखंडी धाव चढवत असे.

एके वर्षी हैदराबादेहून एक इंजिनिअर साहेब आले. शहराच्या रस्त्यांचा पन्नास वर्षांचा नकाशा करायचा त्यांना हुकूम होता. पन्नास वर्षांनी माणसं मोटारीत बसतील की बैलगाडीत, हे कुणाच्या बापाला ठाऊक? साहेबांनाही नव्हतं, पण ते कबूल करायचा त्यांना पगार नव्हता. त्यांनी आबांसकट गावातल्या पाच-दहा जणांना बोलावून साधी गोष्ट सांगितली. आठवडाभर पुलावर मोजणी होईल. मोजणीत बैलगाड्या जास्त निघाल्या तर त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आणि दुसरा पूल बांधायचा. कमी निघाल्या तर आहे तीच सडक पक्की करून मोटारींना द्यायची.

आबा घरी येऊन हसले. "सरकार इचारून देतं व्हय कधी? शिंदीची झाडं मोजली, पट्टी बसली. आता गाड्या मोजून राह्यले. मंग काय, ओवाळनार हायेत आपल्याला?"

हे शहाणपण आमच्या मुलखाच्या रक्तातच होतं. मोजणारा दिसला की म्हशी रानात आणि ज्वारी जमिनीखालच्या पेवात. गाडीवानांत आबांच्या शब्दाला वजन होतं, कारण निम्म्या तालुक्याची चाकं त्यांच्या हातची. त्यांनी सगळ्यांना बजावलं, आठवडाभर पुलावर चाक दिसता कामा नये, वरच्या अंगाच्या वाळूतून नदी उतरा. सगळे उतरले. चाकं मधल्या तुंब्यापर्यंत रुतत, बैल गुडघ्यांवर येत, गाडीवान त्यांच्या शेपट्या पिरगाळत. आबा काठावर उभे राहून लढाई जिंकल्यागत विडी ओढत. पुलावर मोजणारा कारकून जांभया देत बसला होता. शेटची मोटार मात्र सकाळपासून इकडून तिकडे फिरत होती आणि प्रत्येक खेपेला नवी म्हणून मोजली जात होती. शेटना मोटारीचा रस्ता हवा होता.

नकाशा झाला. बैलगाडीचा जमाना संपत आला, असं साहेबांनी ठरवलं. पूल आणि बाजाररस्ता मोटारींना मिळाला. लोखंडी धावेनं पक्की सडक उखडते म्हणून बैलगाडीला बंदी झाली.

आबा साहेबांकडे धावले. मी सोबत होतो. त्यांनी पागोटं काढून साहेबांच्या पायांशी ठेवलं. "सायेब, आमीच गाड्या दडवल्या व्हत्या. बिलकुल खरं सांगतो. येक डाव पुन्यांदा मोजा."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मिस्त्री, मैंने सब देखा था. आप लोगों को नदी का रास्ता पसंद है. वही रखिए." म्हणजे आमच्या गाड्या वाळूत रुतताना त्यांनी पाहिल्या होत्या, पण धरल्या नव्हत्या, कारण मोजणी पुलावरची होती.

दुकानाकडे यायला गाडीला रस्ताच उरला नाही. आबांचा शब्द झेलणारे गाडीवान आता त्यांना पाहून थुंकत आणि विचारत, "काय मिस्त्री, चुकवली ना पट्टी?" शेवटी पोटासाठी आबांनी मिळाली ती नोकरी धरली. पुलाच्या तोंडाशी काठी घेऊन उभं राहायचं आणि बैलगाड्या परत फिरवायच्या. ही शेटचीच मेहेरबानी. त्यांना गंमत वाटली असावी. मला लाज वाटली, आणि ती मी आबांपासून लपवली नाही.

मग दुसरी मोठी लढाई लागली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. शेटनी मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधून बघितली. चढ आला की ती दम सोडे आणि मग तिला बैल जुंपावे लागत. मोटारीला जुंपलेल्या बैलांना पुलावर बंदी नव्हती. पुढं शेट कंटाळले आणि मोटार विटांवर उभी केली. सडक ओस पडली. गाड्या नदीतूनच जात होत्या.

त्या पावसाळ्यात मी दुकान मोडलं. पलीकडच्या एका खेड्यात ते पुन्हा मांडायचं मी ठरवलं होतं. ऐरण, भाता, हत्यारं, वर्षानुवर्षं सुकवलेलं बाभळीचं लाकूड, सगळं मागच्या बोळातून काढून उसन्या आणलेल्या गाडीत भरलं. नदीला पाणी होतं, म्हणून गाडी पुलाकडे घेतली. आबा काठी आडवी धरून पुढं आले.

"वळव."

"आबा, आपलं दुकान हाये ह्यात."

"म्या पाह्यलं. वळव."

"मोटार हाये कुठं? सगळा पूल मोकळा हाये."

"आज न्हाई. पुढं लई येनारेत. नकाशात हाये तसं."

ते थट्टा करत नव्हते. जन्मात सरकारचा एक शब्द खरा न मानलेल्या माणसानं हा एवढा मानला होता. मी जागचा हललो नाही तेव्हा त्यांनी बैलाच्या नाकाडावर काठी मारली.

मी गाडी नदीत घातली. मध्यावर चाक रुतलं, बैल बसले, गाडी कलली. ऐरण आणि हत्यारं गाळात गेली. मी कसेबसे बैल सोडवून काठाला लागलो. बाभळीची लाकडं सुटून पुलाखाली वाहत गेली. आबांनी ती पुलाच्या वरच्या अंगाच्या कठड्यावरून येताना पाहिली. मग ती खालून बाहेर पडताना समोरच्या कठड्यावरून बघायला ते निघाले. सडक ओलांडण्याआधी थांबले, मोटार येते का ते दोन्ही बाजूंना नीट बघितलं आणि मगच पलीकडे गेले.