जंत आणि जंतू

“मेलं का रं मुडद्या?”

ताई सकाळी आल्या आल्या, खांद्यावरची पर्सही न काढता, इन्क्युबेटरमधून काचेची थाळी उचलून उजेडाकडे धरायच्या आणि हा प्रश्न टाकायच्या. नवीन माणूस दचकायचा. प्रश्न थाळीत वाढवायला ठेवलेल्या जंतूंना असायचा.

मी त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचो. ताई तिथल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन, पुंडलिकनगरहून स्कूटीवर यायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, जे आलं की कपाटांची दारं आपोआप आपटायला लागतात.

जखमांतले जंतू अलीकडे कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देत नव्हते. रिपोर्टवर औषधामागून औषध ‘निरुपयोगी’ ठरलं की ताई टेबलावर मूठ आपटायच्या. मग त्यांनी दुसऱ्याच आजारांच्या गोळ्यांना कामाला जुंपलं. “तुझ्या बापाची बीपीची गोळी आण एक.” संधिवाताची, पित्ताची, झोपेची, काहीही चालायचं. खलबत्त्यात ती अशा कुटायच्या की खालच्या मजल्यावरून तक्रार यायची. पंचिंग मशीनने टिपकागदाच्या टिकल्या पाडायच्या, गोळीच्या पाण्यात भिजवून थाळीत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी जंतू बहुतेक वेळा टिकलीला खेटून मजेत वाढलेले असायचे. “लई माजलेत,” म्हणत ताई पुढची गोळी कुटायला घ्यायच्या.

एका सकाळी त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की हातातला चहा की-बोर्डवर सांडला. शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं अँटिबायोटिक एकटं हरत होतं. पण त्याच्या शेजारी जंतावरच्या गोळीची टिकली ठेवली, तर दोन्ही टिकल्यांच्या मध्ये जंतूंचा मागमूस नव्हता.

“जंत अन् जंतू! एका उकाराचा तर फरक, मुडद्या!”

त्याच आठवड्यात शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रेसखाली हात चिरडलेला तरुण दाखल होता. घरचे मेंढपाळ. जखमेत हेच जंतू होते आणि सडणं खांद्याकडे चढत होतं. हात कापला तरी जीव वाचेल, असं सर्जन सांगू शकत नव्हते. ताईंनी त्यांच्यापुढे थाळी ठेवली. दोन्ही औषधांचं मलम जखमेवर लावून बघायला हॉस्पिटलच्या समितीने मान्यता दिली. तरुण शुद्धीवर नव्हता, म्हणून थोरल्या भावाची सही हवी होती.

ताईंनी मला बजावलं, “भावाच्या शेजारी बस. मोबाइलमधला थाळीचा फोटो दाखव. मग गोळीचं नाव घे.”

माझी शिफ्ट संपत आली होती. मी उभ्या उभ्याच कागद पुढे केला आणि म्हणालो, “जंताच्या गोळीचं मलम लावायचंय, इथं सही करा.”

“जंताची? आमी मेंढरांना पाजतो ती? माझा भाऊ मेंढरू हाय व्हय?”

त्याने सलाइनचा स्टँड उचलला. मी पळालो तो थेट लॅबमध्ये, आणि तो माझ्यामागे. दाराची काच फुटली, इन्क्युबेटर आडवा झाला, थाळ्यांचा चुरा झाला. एक घाव ताईंच्या खांद्यावर बसला. त्या पडल्या तेव्हा हातात त्याच्याच भावाच्या जंतूंची थाळी होती. काच तळहातात रुतली.

त्या उठल्या. रक्ताळलेल्या हाताने त्यांनी त्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली, गचांडी धरून त्याला फरफटत खिडकीशी नेलं आणि त्याच जंतूंची शाबूत उरलेली दुसरी थाळी डोळ्यांपुढे धरली.

“हे पांढरं दिसतं ना? हे तुझ्या भावाला खातंय. अन् ह्या दोन टिकल्यांमधी काय हाय?”

“काय नाय,” तो पुटपुटला.

“मग? हाय मेंढरांचं औषध. जगव त्याला. कर सही!”

“ताई, आधी हात धुवा!” मी ओरडलो.

“आधी सही.”

सही झाली. मलम लागलं. दहाव्या दिवशी जखम लाल, स्वच्छ दिसू लागली. त्या तरुणाचं मनगट आज वाकत नाही, पण हात आहे आणि तो जिवंत आहे.

ताईंनी मात्र तळहाताला पट्टी बांधून तो हात एप्रनच्या खिशात लपवला आणि ताप आला तरी कुणाला सांगितलं नाही. त्यांना दाखल केलं तेव्हा जंतू रक्तात पोचले होते. तो रिपोर्ट मीच टाइप केला. जंताची गोळी जखमेवर चालते, पोटातून रक्तात नीट उतरत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तीन दिवसांत ताई गेल्या. मला त्यांचा अजून राग येतो.

पंधरा दिवसांनी थोरला भाऊ लॅबच्या दारात आला. बातमी त्याला वॉर्डात कळली होती. त्याने हातातली काठी माझ्या पायाशी फेकली आणि चौकटीवर कपाळ आपटायला लागला. रक्त आलं तरी थांबेना.

“मारा मला. त्यांच्या वाटचं तुमी मारा. माझ्यामुळं गेल्या त्या.”

मी काठी उचलून त्याच्या हातात दिली. म्हणालो, “ताईंनी मला तुमच्याशेजारी बसून, फोटो दाखवून, मग गोळीचं नाव घ्यायला सांगितलं होतं. मला घरी जायची घाई होती.”

त्याची मूठ काठीवर आवळली. मी हललो नाही.

त्याने मारलं नाही. मारायला हवं होतं.