फाटकावरची आगपेटी

नोकरीला माणूस शोधून देणारे लोक तेव्हाही होते. त्यांच्या दाराला पाटी नसे, इतकंच. यवतमाळच्या कापूस बाजारामागे, मुलांच्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात एक चाचा खुर्ची टाकून बसत. तरुणपणी ते जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनवर होते, पुढे फोरमन झाले, आणि उतारवयात त्यांचं खरं काम माणसं पारखण्याचं झालं. वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद, कुठल्याही जिनाला मॅनेजर किंवा हेडमुनीम हवा असला की पोळ्यानंतर मालकाची मोटार त्यांच्या दुकानापुढे उभी राही. मालकाकडून ते मेहनताना चोख घेत. उमेदवाराकडून चहासुद्धा घेत नसत. "चहा पेला का ऐब दिसत नाही," म्हणत.

आमचे हे तेव्हा यवतमाळच्याच एका जिनात दुय्यम मुनीम होते. चाळिशी जवळ आली होती. वरचे हेडमुनीम ठणठणीत होते आणि त्यांचा पुतण्या त्यांच्याच हाताखाली तयार होत होता. म्हणजे बाहेर पडले नाहीत तर हे दुय्यमच राहणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका सकाळी चाचा आमच्या ओसरीवर येऊन बसले. सासूबाई तुरीची डाळ निवडत होत्या.

"मुनीमजी, मुकुटबनच्या अंगाला एक जिन आहे," चाचा म्हणाले. "मॅनेजर पाहिजे त्याईले. तुमचं नाव मी अजून घेतलं नाही."

"काहून नाही घेतलं, चाचा?"

"आधी तुम्ही जिन पाहून या. जिनानं तुम्हाले पाहाचं नंतर."

सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "चाचा, नोकरी लावून राह्यले का पोरगी पाहून राह्यले?"

"भाभी, पोरगी पाहाले गेल्या तं तुम्ही तिची मावशी पाहता, मामा पाहता, घरामागची विहीरबी वाकून पाहता. अन् नोकरी पाहाले गेलं का निस्ता पगार इचारता. पोरीले तरी माहेर राहते. इथं..."

"इथं काय?"

"इथं कापूस राहते, भाभी."

सासूबाई हसल्या. चाचा हसले नाहीत. त्यांनी ह्यांना दोन कामं सांगितली. पहिलं, न कळवता जायचं, धुतलेला कोट घालून जायचं आणि खिशात आगपेटी ठेवायची.

"मी ओढत नाही," हे म्हणाले.

"म्हणून तं सांगून राह्यलो. फाटकावर ती आगपेटी चौकीदाराच्या हातात द्या, अन् तो काय करते ते पाहा. दुसरं, आधीचा मॅनेजर काहून गेला ते मालकाले इचारू नका. मालक म्हणन, तब्येत. फाटकासमोर चहा कोण विकते, त्याले इचारा."

क्वार्टर पाहायचं म्हणून मीही बरोबर गेले. वणीपर्यंत मोटार, पुढे बैलांची दमणी. हंगाम सुरू व्हायचा होता. जिनात यंत्रांची साफसफाई चालली होती आणि गेल्या सालची थोडी रुई गोदामात पडून होती. फाटकाशी एक टिनाचा मोठा डबा होता. आत जाणाऱ्या मजुरांच्या विड्या आणि आगपेट्या चौकीदार त्यात टाकत होता. पुरुषांचे खिसे चाचपत होता, आणि बायांना कनवटी झटकून दाखवायला लावत होता. कामात चोख दिसला. मला बरं वाटलं.

आमची पाळी आली. ह्यांचा कोट पाहून तो बाजूला सरला आणि त्याने सलाम केला. ह्यांनी आगपेटी पुढे धरली.

"राहू द्या ना साहेब. तुमची कायले घेऊ?"

"नियम आहे ना?"

"तो मजुराईले आहे, साहेब."

हे हात तसाच धरून उभे राहिले. शेवटी चौकीदार कानकोंडा झाला. तेव्हा ह्यांनी स्वतःच आगपेटी डब्यात टाकली.

सरकी पाहायला आलो असं सांगून आम्ही आत फिरलो. भिंतींना, तुळयांना, दिव्यांच्या तारांना रुईचे तंतू लोंबत होते. वाळूच्या लाल बादल्या ओळीने टांगलेल्या होत्या. एकीत कोंबडी बसली होती, दुसरीत पानाच्या पिचकाऱ्या. गोदामाची मागची भिंत नुकतीच चुन्याने रंगवली होती. मी जवळ गेले तर चुन्याखालून काळं वर येत होतं. एका कोपऱ्यात नाही, पार छपरापर्यंत. मी ह्यांना खूण केली. ह्यांनी नखाने चुना खरवडून पाहिला.

फाटकासमोर एक म्हातारी चहा विकत होती. मी तिच्याजवळ बसले आणि आधीच्या मॅनेजरचं विचारलं.

"गेले नाही बाई, काढलं त्याईले. जावाईबापूची झडती घे म्हने चौकीदाराले. जावायाची झडती! कोनाच्या घरी घेतेत वं?"

"जावई जिनात काय करतात?"

"काय करतेत! येतेत, रुईच्या गठाणीवर बसतेत, सिगरेट पेतेत. सासऱ्याचं जिन दाखवाले दोस्त आनतेत."

"आणि मालक?"

"मालक तोंड फिरवतेत. पोरगी देली ना." तिने कप विसळून पाणी रस्त्यावर फेकलं. "मागची भिंत पाह्यली का तुमी?"

मी हो म्हटलं. तिने दुसरा कप विसळायला घेतला.

परत आल्यावर चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्याच्या खिशाले हात लावता येत नाही असा माणूस ज्या जिनात आहे, ते जिन त्याचं. मॅनेजर कोणीबी असो. त्याले फक्त आग लागल्यावर नाव घ्याले ठेवलेलं राहते."

"मग तुम्ही मला पाठवलंच कशाला?" ह्यांचा आवाज चढला होता.

"मालकानं माणूस मागतला. माणूस दाखवणं माझं काम. कुठं उभं राहावं हे सांगणंबी माझंच काम. जायचं का नाही, ते तुमचं."

ह्यांना जायचं होतं. मॅनेजर म्हणून बोलावणं पुन्हा आलं नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी त्यांना अडवलं नाही. चाचांनी तेव्हा एक सांगितलं, ते मी पुढे माझ्या भाच्यांना, पुतण्यांना, विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले: मनात काही अट असेल तर ती रुजू होण्याच्या आधी बोलायची. आधी बोलली तर ती अट असते, नंतर बोलली तर कुरकुर.

हे मालकांना भेटले आणि म्हणाले, फाटकावर झडती सर्वांची, माझ्यापासून तुमच्या घरच्या माणसांपर्यंत. मालक लगेच हो म्हणाले. वर पेढे मागवले.

चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "लगेच हो म्हणाले?"

"लगेच."

"थोडं भांडले असते तं मले बरं वाटलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बहू, सारं सामान उघडजो नको."

मी तसंच केलं. रोजची भांडी, दोन अंथरुणं, देव आणि शिधा एवढं उघडलं. बाकीचे डबे आणि ट्रंका सुतळीने बांधलेल्याच ठेवल्या. शेजारच्या क्वार्टरमधली बाई येऊन म्हणाली, "तुमी तं अजून उतरल्याच नाई वाटते." मी हसून म्हटलं, सवड मिळत नाही.

दसऱ्यानंतर जिन सुरू झालं. मुहूर्ताच्या दिवशी फाटकाशी हे दोन्ही हात वर करून उभे राहिले आणि चौकीदाराला म्हणाले, "घे झडती." तो घाबरत घाबरत हात लावत होता, आणि बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मागून जीप आली. जावईबापू उतरले. पंचविशीचे, गोरेपान, स्वभावाने वाईट अजिबात नव्हते. हे मी आजही म्हणेन. त्यांनी सगळं पाहिलं, हसले, आणि आपली चांदीची सिगरेटची डबी आपल्या हातानेच टिनात टाकली.

"मॅनेजरसाहेब, आमचं बी घ्या जमा!"

टाळ्या पडल्या. मालकांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. घरी आल्यावर हे म्हणाले, "पाहिलंस? सरळ सांगितलं की लोक ऐकतात. चाचांना सगळीकडे काळंच दिसतं." मी त्या दिवशी एक ट्रंक उघडायला घेतली होती. सुतळीची गाठ सुटेना, म्हणून राहिली.

पुढे काही आठवडे तसंच चाललं. हे रोज झडती देऊन आत जात. बादल्यांत नवी वाळू आली, कोंबडी गेली, तारांवरचे तंतू आठवड्याला झाडले जाऊ लागले. मजूर ह्यांना मानू लागले. पण मी दारातून फाटकाकडे पाहत असे, आणि मला दिसायचं की जीप येते तेव्हा चौकीदार आधी मालकांच्या बंगल्याकडे पाहतो, मग डब्याकडे. जावईबापू डबी टाकत होते खरे, पण आता हसत नव्हते. एकदा त्यांच्याबरोबर नागपूरचे दोस्त आले. चौकीदाराने त्यांच्या खिशांना हात लावला. दोस्तांपैकी कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे मोठ्याने हसले. जावईबापू लालबुंद झाले, आणि जिनात न शिरताच जीप वळवून गेले. त्या संध्याकाळी बंगल्यावर कोणी जेवलं नाही, असं पाणी भरणारी बाई सांगत आली.

दोन दिवसांनी फाटकावर दुसरा चौकीदार होता. जुना कुठे गेला, कोणाला सांगता येईना. मालकांनी ह्यांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "तुमच्यावर फार बोजा पडून राह्यला. फाटक यापुढं जावईबापू पाहतीन. तुम्ही आतलं पाहा."

दुपारी जेवायला आले तेव्हा ह्यांनी ताटाकडे पाहिलंच नाही.

"हंगाम तरी काढतो," ते म्हणाले. "अर्ध्यातून गेलो तर लोक म्हणतील, झेपलं नाही. पुन्हा कोण मॅनेजर म्हणून बोलावणार?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. खोटा धीर देऊन काही उपयोग नव्हता. "पण मला एक सांगा. उद्या काही झालं तर विचारायला येतील ते कोणाकडे येतील?"

"माझ्याकडे. मॅनेजर मी."

"आणि आत कोण असेल तेव्हा?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. आत दोनशे माणसं तरी असायची, आणि त्यांतल्या निम्म्या बाया. सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. पलीकडे भोंगा झाला, सुटीनंतरचा. दोघंही दचकलो. रोजचाच भोंगा होता.

"अट मोडली त्यांनी," हे सावकाश म्हणाले. "मी आधी सांगितली होती." आणि उठून किल्ल्या घेतल्या.

मी सामान काढायला लागले. बांधायचं थोडंच होतं.

दमणी भरून आम्ही फाटकाशी आलो. हे किल्ल्या द्यायला ऑफिसात गेले आणि लगेच बाहेर आले. बरोबर एक माणूस होता, ह्यांच्याच वयाचा, कडक इस्त्रीचा कोट घातलेला. नवा मॅनेजर. ह्यांनी राजीनाम्याचं बोलायच्या आधीच तो आत खुर्चीत बसलेला होता. कोणी पाठवला ठाऊक नाही, चाचांनी नव्हे. किल्ल्या त्याच्याच हातात होत्या.

पुढे दुनिया काय बोलली ते थोडक्यात लिहिते. हे पुन्हा दुय्यमच राहिले, शेवटपर्यंत. सासूबाईंनी वर्षभर टोमणे मारले: "गेलते मॅनेजर व्हाले, आगपेटीवरून वापस आले!" त्या हंगामात त्या जिनात काही झालं नाही, हेही त्यांनी प्रत्येक वेळी ऐकवलं. चाचा मात्र ऐकून घेत आणि विचारत, "हंगाम संपला का, भाभी? का पुढच्या साली कापूस येणार नाही?"

पण त्या दिवशी फाटकाशी त्या नव्या मॅनेजरने आम्हाला एक गोष्ट विचारावी, तुम्ही का चाललात, असं मला फार वाटत होतं. मी दमणीतून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. ह्यांनी जरा वाट पाहिली. मग न विचारताच म्हणाले, "फाटक तुमच्या हातात ठेवा. जावईबापूंनाही सूट नको. त्यापायीच मी जातोय."

त्याने ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमलं नसन तुमचं," तो समजूतदारपणे म्हणाला. "सांभाळून घ्या लागते, भाऊ." आणि मग, "बरं, क्वार्टरले पाण्याचं कसं आहे?"

"पाणी आहे," हे म्हणाले. "बादल्या भरून ठेवा."

"हो, हो," तो म्हणाला. त्याने खिशातून विडी काढली, रस्त्यावरच उभं राहून शिलगावली, दोन झुरके घेतले आणि ती पायाखाली नीट चिरडली. काळजी घेणारा माणूस होता. मग आगपेटी पुन्हा कोटाच्या खिशात ठेवली आणि फाटकाकडे वळला.

नवा चौकीदार बाजूला सरला आणि त्याने सलाम केला.