अप्पांचा तिसरा खाना

आमच्या वालूरच्या भावकीत एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक आहे. मन्मथअप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, सोडलेली बिडी परत धरली ती बायकोच्या कटकटीमुळे. ही गोष्ट खोटी आहे. अप्पांनी बिडी परत धरली ती एका अवकल समीकरणामुळे.

समीकरण माझं होतं.

त्या काळात मी परभणीच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो आणि पीएच.डी. करत होतो. निदान घरात तसं सांगत होतो. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा धुमसत होता. मोर्चे निघत, गाड्या बंद पडत, आणि मार्गदर्शकांना भेटायला औरंगाबादला जाणं राहिलं की मी नामांतराकडे बोट दाखवायचो. तिकडे लोक एका नावासाठी लाठ्या खात होते, पेटवलेली घरं सोडून परागंदा होत होते, आणि मी त्यांच्याआड लपून प्रबंधाचं दुसरं प्रकरण पुढे ढकलत होतो. खरं सांगायचं तर गाड्या सुरळीत चालू असत तेव्हाही मला ते गणित सुटत नसे.

विषय होता धूम्रपानाच्या सवयीचं गणिती प्रारूप. माणसांचे चार खाने पाडायचे. पहिल्यात अजून न ओढणारे, पण संगतीनं बिघडू शकतील असे. दुसऱ्यात ओढणारे. तिसऱ्यात सध्यापुरती सोडलेले. चौथ्यात कायमची सोडलेले. मग या खान्यातून त्या खान्यात माणसं कोणत्या वेगानं सरकतात, ते मांडायचं. साध्या समीकरणाला फक्त आजचा दिवस दिसतो. पण सवयीला आठवण असते, म्हणून मी अपूर्णांकी अवकलन घेतलं. साध्या अवकलनाची कोटी एक असते, माझी एकापेक्षा कमी. ती जितकी खाली उतरेल तितकं जुन्या दिवसांचं ओझं आजच्यावर जास्त. थोडक्यात, माणसानं जन्मात ओढलेली प्रत्येक बिडी या समीकरणाला आठवते. (हे सगळं मी सिगारेटीवर सिगारेट पेटवत मांडलं. पण खाने पाडणारा स्वतः कुठल्याच खान्यात नसतो, अशी माझी समजूत होती.)

बऱ्याच खटपटीनंतर निष्कर्ष निघाला. ज्यानं उभा जन्म ओढली आणि एका फटक्यात सोडली, तो वर्षाच्या आत तिसऱ्या खान्यातून दुसऱ्यात परत येतो. चौथा खाना त्याच्या नशिबात नाही.

मार्गदर्शक मोजकं बोलत. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "गणित देखणं आहे. आता एखादा जिवंत माणूस दाखवा."

जिवंत माणूस घरातच होता. अप्पांची वालूरला पिठाची गिरणी होती. त्या गिरणीच्या पट्ट्यावरच माझं शिक्षण फिरलं. मिसरूड फुटल्यापासून अप्पांच्या तोंडात बिडी, आणि वरून पिठाची धूळ. त्यांची छाती अशी वाजायची की गिरणी बंद असली तरी बायका दळण घेऊन यायच्या. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून स्वच्छ सांगितलं होतं, बिडी सोडली तर जगाल. अप्पांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि दवाखान्याच्या पायरीवरच एक पेटवली.

डॉक्टरांना जमलं नाही ते शिवकांता वहिनींना जमलं. आमच्यात सकाळी डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा करतात. श्रावणातल्या एका सोमवारी अप्पा पूजेला बसले असताना वहिनी बेलाची पानं ठेवता ठेवता म्हणाल्या, "ज्या हातावर देव घेता, त्या हाताला बिडीचा वास येतोय. देव बोलत न्हाई म्हून बरंय."

बस, एवढंच. हीच ती जगप्रसिद्ध कटकट.

अप्पांनी पूजा आटोपली, उठले आणि बिड्यांचा कट्टा चुलीत घातला. एका फटक्यात. दिवाळीपर्यंत खोकला उतरला. जे अप्पा चार पावलं चालून भिंत धरायचे, ते जिना चढून माळवदावर वाळवण राखायला जाऊ लागले. घरात आनंदीआनंद झाला.

मी मात्र दर रविवारी सेलूहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून वालूरला जाऊ लागलो. भावाच्या ओढीनं नव्हे, निरीक्षणासाठी.

"अप्पा, तलफ येते का?"

"न्हाई."

"चहा झाल्यावर?"

"न्हाई रं."

"कुणी समोर बसून ओढली तर?"

"उलट मळमळतंय. गिऱ्हाईकाला बी सांगितलंय, ओढायची तर रस्त्यावर जा."

माझा चेहरा पडला. भावाची तब्येत सुधारल्याचं ऐकून चेहरा पडणारा भाऊ परभणी जिल्ह्यात मी एकटाच असेन. अप्पांनी तो पडलेला बघितला. लहानपणापासून माझा चेहरा पडला की ते अस्वस्थ होत. माझी पाटी फुटली तर स्वतःची देत.

"काय झालं रं, शिवा? मी बरा झालो तर तू का असा बसलास?"

मी सांगायला नको होतं. पण मास्तराला खडू आणि फळा दिसला की राहवत नाही, आणि गिरणीच्या पत्र्यावर तर पिठाचा थर होता. मी बोटानं चार खाने काढले.

"यात मी कुठं हाय?"

"तिसऱ्यात."

"चौथ्यात न्हाई? मी तर कायमची सोडली."

"तसं तुम्हाला वाटतं, अप्पा. समीकरण म्हणतं की वर्षाच्या आत तुम्ही दुसऱ्यात याल."

"आन न्हाई आलो तर?"

"तर समीकरण चुकलं."

"मंग तुझी पीएच.डी.?"

"बुडाली," मी हसत म्हणालो. मला वाटलं मी विनोद केला.

वहिनी दळणाचा डबा घ्यायला आल्या होत्या. त्यांनी ते खाने बघितले आणि पदरानं पत्रा पुसून टाकला. "भावजी, तुमच्या खान्यात ह्यांना घालू नगा. लय मुश्किलीनं भाईर निघालेत."

अप्पा पुसलेल्या पत्र्याकडे बघत राहिले.

पुढं कॉलेजच्या परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं. संक्रांतीच्या सुमारास गेलो तर अप्पांच्या कानावर बिडी. माझ्या तोंडून 'अरेरे' निघालं, पण ते 'अरे वा'च्या चालीत. अप्पांनी ती पेटवली, आणि उजव्या हातात धरली. आयुष्यभर त्यांनी डाव्या हातानं ओढली होती.

"हात बदललात?"

"डावा पूजेचा. तेवढा चोख ठेवलाय."

आतून वहिनींचा आवाज आला. "आन जेवता कोणत्या हातानं, ते बी सांगा भावाला."

मी जेवायलाही थांबलो नाही. परभणीला आलो आणि प्रकरणाच्या शेवटी लिहिलं की प्रारूपाचं भाकीत प्रत्यक्ष उदाहरणाशी तंतोतंत जुळतं. मार्गदर्शकांनी पाठ थोपटली. भाकीत त्या उदाहरणाला आधीच सांगून ठेवलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

इकडे अप्पांची छाती पुन्हा वाजू लागली, आणि भावकीला कारण हवं होतं. ते आमच्या आत्यानं शोधलं. तिनं ओसरीवर बसून निकाल दिला. "बायको सारखी नाकाला पदर लावून हिंडायली, तर माणूस वढंल न्हाई तर काय करंल?" वहिनींनी मान खाली घातली. मी तिथेच बसून त्यांच्याच हातची भजी खात होतो. भजी उत्तम झाली होती.

पदवी मिळाली. वालूरला शाळेच्या मैदानावर सत्कार झाला. शाल, नारळ आणि ज्यांना विषय कळला नव्हता अशांची भाषणं. (माझंही त्यातच धरावं.) एका पुढाऱ्यानं तर मी व्यसनमुक्तीचं महान कार्य केल्याचं जाहीर केलं. अप्पांनी मला हार घातला आणि तेवढ्या श्रमानं खोकत मंडपामागे जाऊन बसले. मी मागोमाग गेलो.

त्यांनी दम घेतला आणि हळूच विचारलं, "शिवा, आता सोडू का रं?"

"काय?"

"बिडी. झालं ना तुझं काम? का अजून कुणी तपासायला येणार हाय?"

गळ्यात झेंडूचा हार घालून मी उभा होतो.

"अप्पा, तुम्ही माझ्यासाठी परत धरली?"

"मंग काय तर. तुला एवढं शिकिवलं, आन शेवटाला मीच आडवा येऊ? पहिले चार दिवस लय वंगाळ लागली. मंग जमलं."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला कशाला सांगतोस. तुझ्यावर चिडंल. चांगला दिवस हाय, गप बस."

मी गप्प बसलो. सांगितलेलं ऐकण्यात मी लहानपणापासून हुशार.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी बिडी सोडली. आठवडाभरात परत धरली. पुन्हा सोडली, पुन्हा धरली. इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घेतली, ती मोडली आणि लहान मुलासारखे रडले. पहिल्यांदा ते अलगद बाहेर पडले होते. मी ओढून परत आणल्यावर मात्र जन्मातली प्रत्येक बिडी त्यांना आठवू लागली. माझं समीकरण आता कुठं चालू झालं होतं.

ज्या साली विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्या साली अप्पा चौथ्या खान्यात गेले. कायमची सुटली. तेवढ्या वर्षांत लोकांनी एक नाव मागून, झगडून मिळवलं होतं. मला माझ्याच घरात एक वाक्य बोलता आलं नव्हतं. मातीला आलेली माणसं कुजबुजत होती, "हिच्याच तोंडापायी गेला." मी होकाराची मान हलवली नाही, एवढंच. माझ्या शौर्याची मजल तेवढीच.

त्याच दिवशी मी खिशातलं सिगारेटचं पाकीट फेकलं. एका फटक्यात. वर्ष गेलं, वर्षं गेली, तलफ म्हणून आली नाही. म्हणजे समीकरण मुळातच चूक होतं. ते तपासायला फक्त एक बरा झालेला माणूस हवा होता, आणि तो माझ्याकडे होता.

गेल्या वर्षी पुतण्याच्या नव्या घराची घरभरणी झाली. सगळी भावकी जमली होती. आधी वहिनींना आतल्या खोलीत गाठून मी सगळं सांगितलं. त्या आता ऐंशीकडे झुकल्यात. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे देवापायी सोडली, आन तुमच्यापायी धरली?"

"हो, वहिनी."

त्या हातातलं विड्याचं पान पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "भावजी, मला बी लोकांसारखंच वाटायचं. मीच लय बोलले म्हून. रोज पूजेला बसले की त्यांची माफी मागत आले मी."

मी तडक बाहेर आलो आणि पंगतीसमोर उभा राहिलो. चार खाने सांगितले, आठवण सांगितली, अपूर्णांक सांगितला, मंडपामागचं बोलणंही सांगितलं. शेवटी म्हणालो की वहिनींचा काडीचा दोष नाही, दोषी मी आहे. माझे डोळे भरून आले. मग चुलतभावाच्या धाकट्या पोरानं बुंदी तोंडात टाकत विचारलं, "काका, शिवकांताकाकूनं आता तुमच्या मागं बी भुणभुण लावली व्हय?"

पंगत हसली. आत्याची सून म्हणाली, "बगा की, एवढ्या शिकलेल्या माणसाकडून काय काय बोलून घ्यायली ही बाई."

वहिनींनी मला आत बोलावलं. "भावजी, हात जोडते, आता गप बसा. तुमी बोललात की माझंच वाढतंय."

बोलायची बंदी झाली, म्हणून हे लिहिलं. शिवकांता वहिनी एकदाच बोलल्या, तेही खरं आणि वेळेवर. उरलेलं सगळं माझं. हे छापून आल्यावर वालूरला काय म्हणतील तेही मी आजच सांगून ठेवतो. म्हणतील, हिनंच लिहून घेतलं. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव भाकीत असं आहे की ते खरं ठरायला कुणालाही बिडी ओढावी लागणार नाही.