टाकावरचं कुंकू

आमच्या बाबांना अंगात येणं, उतारा टाकणं, लिंबू-मिरची, यातलं काही चालत नसे. हिवरखेडला आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं तेव्हा बाबा म्हणायचे, "तिले भूक लागली असन, भाकर द्या." मी त्याच बापाची मुलगी. आजही कोणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी उठून कामाला लागते. म्हणून हे मी कोणाला सांगितलं नाही. वहीत लिहून ठेवते आहे. वाचणाऱ्याला खोटं वाटलं तरी माझी तक्रार नाही.

माझं लग्न उशिरा झालं, सत्ताविसाव्या वर्षी. आई लवकर गेली, शाळा चौथीत सुटली, दोन लहान बहिणींचं करता करता वय गेलं. स्थळ आलं ते बिजवराचं, अकोटचं. गावाबाहेर दीड एकराचा फुलांचा मळा, त्यातच दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे विहीर आणि पेरूचं झाड. घरात हे आणि सासूबाई. पहिली बायको चार वर्षांपूर्वी तापानं गेली, मूलबाळ नाही, असं सांगितलं होतं. बाबांनी एवढंच विचारलं, "पोरीले जीव लावतान न?" हे खाली मान घालून "हाव" म्हणाले होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक बांधला. आठ आण्याएवढा. त्यावर बाईचा चेहरा, दोन मोठे डोळे, डोक्यावर पदर. आमच्याकडे पहिली बायको वारली असेल तर दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा असतो. रोज सकाळी त्याला हळदी-कुंकू लावायचं. नवीन लुगडं आलं की आधी त्याला दाखवायचं. जेवताना पहिला घास त्याला लावून मग आपण खायचा.

"रेखा नाव होतं तिचं," सासूबाई म्हणाल्या. "तिचा मान तिले देजो. मंग ते तुले काई तरास देनार नाई."

"बरं, आत्याबाई," मी म्हणाले. त्या घरात पहिले दोन महिने मी याहून जास्त बोलल्याचं मला आठवत नाही.

हे सकाळी फुलांचे गठ्ठे घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचे, ते चार-पाचला परत. जेवणं झाली की सासूबाई आडव्या व्हायच्या. मी पडवीत हार ओवत बसायची. झेंडूचा ढीग, सुई-दोरा, आणि विहिरीवरच्या मोटरचा आवाज. मला माणसांशी बोलायला जमत नाही, पण बोलावंसं तर वाटतंच. एक दिवस मी टाक हातात घेतला आणि हळूच म्हटलं, "रेखाताई, मी वनिता."

मग रोजचंच झालं. काय केलं, भाजीत मीठ किती पडलं, धाकटीचा फोन आला. तिला घाबरण्याचं कारण नव्हतं, ती काही बोलणार नव्हती. बोलता बोलता टाक कोमट व्हायचा... अंगाला लागून असतो, होणारच. सकाळी लावलेलं कुंकू दुपारनंतर टाकावर नसायचं. घामानं गेलं असेल. पण मग ते पोलक्यावर, गळ्यावर लागायला हवं होतं. मी पाहिलं, कुठेच नसायचं. फार विचार केला नाही.

श्रावणात मला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. सांगू-सांगू म्हणून कोणालाच सांगितलं नव्हतं, यांनाही नाही, लाज वाटायची. आणि एका दुपारी वाफ्यात वाकलेली असतानाच पोटात कळ आली आणि सगळं गेलं. मी एकटीच होते. फडक्यात गुंडाळून पेरूखाली पुरलं, विहिरीवर अंघोळ केली आणि हार ओवायला बसले. त्या दिवशी टाक मुठीत घट्ट धरून मी तिला सगळं सांगितलं. जगात दुसऱ्या कोणाला नाही. माहेरी नाही, बहिणीला नाही. तिलाच.

पितृपक्ष आला. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात. मी सासूबाईंना विचारलं, "रेखाताईचं काय काय कराव लागते?"

"काई कराव नाई लागत," त्या म्हणाल्या. "आपल्यात नसते."

आपल्यात कसं नसेल? अष्टमीला त्यांनी सासऱ्यांचं सगळं साग्रसंगीत केलं होतं. मला वाटलं, म्हातारं माणूस थकलं असेल. नवमीला मी एकटीनं वडे, कढी, खीर, भोपळ्याची भाजी केली आणि पडवीत केळीचं पान मांडलं. त्या दिवशी हे लवकर आले. दारातच थांबले.

"हे कोनाचं पान?"

"रेखाताईचं. आज नवमी आहे न."

त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. चपला पायात तशाच, पडवीत येऊन त्यांनी ते पान दोन्ही हातांनी उचललं. खीर पायावर सांडली. गोठ्यात नेऊन सगळं गाईपुढे ओतलं आणि परत येऊन माझ्यासमोर हात जोडले. "तिचं पान नको वाढू वनिता. म्या हात जोडतो तुले."

"गजू, चूप राय," आतून सासूबाई ओरडल्या.

आपल्या नवऱ्यानं आपल्याला हात जोडावेत, असं त्या पानात काय होतं? तिच्या जाण्याचं एवढं दुःख, तर घरात हार घातलेला फोटो का नाही? दर महिन्याला हे रोपं आणायला म्हणून अमरावतीला जायचे आणि पिशवीत खोबरेल तेलाची बाटली न्यायचे. परत येताना बाटली नसायची. रोपंही नसायची. मी हे दर वेळी पाहत होते आणि विचारत नव्हते. मीही पेरूखालचं झाकून ठेवलंच होतं की. एका घरात दोघं, आणि दोघांच्याही ओठावर बोट.

दसऱ्याची गर्दी संपली आणि यांनी अमरावतीची पिशवी भरली. मला दसऱ्याला घेतलेलं नवीन लुगडं मी घडीही न मोडता त्या पिशवीवर ठेवलं.

"हे काय?"

"रेखाताईले द्या. नवीन लुगडं आधी तिचं असते."

त्यांनी लुगड्यावर हात ठेवला. मग अगदी बारीक आवाजात, "तुले कोनं सांगतलं?"

"कोनीच नाई."

ते खाटेवर बसले. म्हणाले, "चाल मंग. तूई चाल."

दर्यापूरवरून जाणाऱ्या एसटीत त्यांनी मला सांगितलं. खिडकीबाहेर पाहतच सांगितलं. मुलगा झाला होता, अकराव्या दिवशी गेला. मग रेखाताईनं बोलणं सोडलं, खाणं सोडलं. दोनदा विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. तिच्या भावांनी पाठ फिरवली, तेव्हा अमरावतीच्या एका संस्थेत ठेवलं. चार वर्षं यांच्याशी एक शब्द नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, जिवंत सांगू तर पोरगी कोण देईल? म्हणून मेली म्हणून सांगितलं. मग दुसरेपणाच्या लग्नात टाक हवाच, नाहीतर लोक विचारतील. सोनाराला तिचीच जोडवी दिली गाळायला.

"तुले फसवलं म्या," हे म्हणाले. "तिलेई."

मी गळ्यातला टाक पदराखाली धरून बसले. जिवंत बाईच्या नावानं मी सहा महिने घास काढत होते!

संस्था गावाबाहेर होती. बैठी इमारत, अंगणात कडुनिंब, खाली चटईवर सात-आठ बाया तूर निवडत बसलेल्या. त्यातली एक उठून आमच्याकडे आली. बारीक, केस कापलेले. कपाळावर हळदी-कुंकू. यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आली काय व वनिता?" ती म्हणाली. "आवाज इतकुसा तुया... मले वाटे, लहानशी पोट्टी असन."

माझं नाव यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. लग्न केल्याचंच सांगितलं नव्हतं.

तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. "दुखते काय अजून? पेरूखाली ठेवलं न तू त्याले? बरं केलं. तिथं सावली असते."

हे आळीपाळीनं तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत राहिले. "कायले पेरूखाली? काय म्हनून राहिली थे?"

मी तिथंच, त्या अंगणात, सगळ्या बायांसमोर, त्यांना सांगितलं. आमचं मूल गेल्याचं त्यांना असं कळलं. ते कडुनिंबाला टेकून खाली बसले आणि तोंड झाकून घेतलं. रेखाताई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "रडू नका. वनिता सारं सांगते मले. तुमाले भेते, म्हनून नाई सांगतलं."

तिथं देखरेख करणाऱ्या मावशी मला बाजूला घेऊन गेल्या. "तुम्ही कोण यांच्या? बहीण?"

"हाव," मी म्हणाले.

"चार वर्षं दगडासारखी होती हो. वैशाखापासून काय झालं कोण जाणे, जेवायला लागली, केस विंचरून द्या म्हणायला लागली, कामात हात लावते. डॉक्टर म्हणतात, घरी न्यायला हरकत नाही. पण एकच राहिलंय. दुपारी भिंतीला कान लावून बसते. कोणी पोरगी बोलते म्हणते. तिच्याशी हसते, परवा तर रडली. तो आवाज बंद झाला की लगेच सोडतील."

वैशाखात माझं लग्न झालं होतं.

"अन् ते कुंकू?" मी विचारलं.

"तेच तर. आम्ही इथं कोणाजवळ ठेवू देत नाही. कुठून लावते, पत्ता नाही."

निघताना रेखाताईनं माझा पदर धरला. "बोलत राय. इथची दुपार लय मोठी असते व." मी मान हलवली. तोंडावर नाही कसं म्हणणार?

घरी आल्यावर मी यांना सांगितलं, तिला घरी आणा. "अन् मंग तू?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "दोन खोल्या आहेत. मी आत्याबाईजवळ झोपीन." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "गावाले काय सांगाव? मेलेली बाई एसटीतून उतरली म्हनून?" पण यांनी पहिल्यांदा आईचं ऐकलं नाही. मागच्या खोलीला चुना लावला.

माझं काम एकच होतं. गप्प राहायचं. मी बोलत राहिले तर ती वेडी ठरणार आणि तिथंच राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. हळदी-कुंकू लावायची, घास लावायची, पण दुपारी ओठ मिटून हार ओवायची. कधी सवयीनं तोंड उघडायचं तर सुई बोटात टोचून घ्यायची. पहिले काही दिवस टाक दुपारी इतका तापायचा की पोलक्याच्या आत फडकं ठेवावं लागे. मग हळूहळू निवत गेला. मला बरं वाटलं, तिची सुटका होते आहे म्हणून.

पौषात फोन आला की आता आवाज येत नाही म्हणते, डॉक्टर माघात सोडतील. यांनी नवीन गादी भरून घेतली. मी मागच्या खोलीच्या खिडकीखाली शेवंतीची दोन रोपं लावली.

माघात फोन आला तो दुसरा. ताप नाही, काही नाही. दुपारी भिंतीशी बसली होती, संध्याकाळी उठवायला गेले तर गेलेली. मावशी म्हणाल्या, महिनाभर जेवण कमीच झालं होतं. सुटका जवळ आली म्हणून कोणी एवढं पाहिलं नाही. सगळ्या बायांना विचारायची, "आज तुमाले कोनी बोललेलं ऐकू आलं काय?"

तिचं सगळं यांनी केलं. अंगावर ते दसऱ्याचं लुगडं घातलं. सासूबाईंनी गावात काही सांगितलं नाही. गावाच्या लेखी ती पाच वर्षांपूर्वीच गेली होती.

या भाद्रपदात नवमीला तिचं पान वाढलं. खीर यांनी स्वतः वाढली. शेजारी छोटं पान पेरूखालच्यासाठी मांडलं, तेही यांनीच. आता आम्ही एकमेकांपासून काही लपवत नाही. पण बोलायलाही फारसं काही उरलेलं नाही.

हे कसं झालं ते मला माहीत नाही. जोडव्यांच्या चांदीमुळे झालं का? ती जिवंत असताना तिला मेलेली ठरवली म्हणून? की मी इतकी एकटी होते, तीही होती, म्हणून? ओळखीच्या डॉक्टरला मी दुसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, योगायोग असतात. असतील.

परवा दुपारी सासूबाई झोपल्यावर मी टाक हातात घेतला. वर्षानंतर पहिल्यांदा म्हटलं, "रेखाताई, मी वनिता." मग सगळं सांगितलं... शेवंती फुलली, धाकटीचं लग्न ठरलं, मी तुझ्या भल्यासाठी गप्प बसले होते. खूप वेळ बोलले. आधी बोलायचे तेव्हा पलीकडे कोणीतरी कान देऊन आहे असं वाटायचं; ते तेव्हा कळलं नव्हतं, आता नाही म्हणून कळतं. आता ती चांदी आहे. टाक जसा असायला हवा तसा आहे.

सकाळी लावलेलं कुंकू आता दिवे लागेपर्यंत जसंच्या तसं असतं. मी रोज पाहते.