सोमणांच्या घरात शिरलेलं रॉकेल

घरांजवळ सांडलेलं तेल उचलणं हे वेल्समधल्या आमच्या कार्डिफच्या टीमचं काम. तेल एकदाचं उचलून होतं, किस्से मात्र साचतच जातात! गेल्या हिवाळ्यात एकाच गल्लीत इतके साचले, की आज तेवढेच सांगते.

इथल्या बऱ्याच खेड्यांत गॅसची लाइन नाही. घरामागे हीटिंग ऑइलची, म्हणजे घर गरम ठेवायच्या रॉकेलची, टाकी असते. तिचा पाइप फुटला की आम्हाला बोलावणं!

*

सकाळी फोन आला. रिसेप्शनवरची मेगन गोंधळली. "एक बाई म्हणतायत, घरात 'रॉकेल' शिरलंय. हा कुठला प्राणी?"

मी फोन ओढूनच घेतला. "काकू, मराठी का तुम्ही?"

"अगं बाई, तूही? मग गप्पा नंतर, आधी ये!"

या सोमण काकू. नवरा रिटायर्ड डॉक्टर, दोघंच राहणारी.

*

आमचा टीमलीडर गॅरेथ तेलाची वाफ मोजणारा मीटर घेऊन किचनभर फिरला. आकडा सगळीकडे तोच. तेल नेमकं कुठे मुरलंय ते कळेना.

काकूंनी दोनदा नाक ओढलं. "फ्रीजमागे."

फ्रीज हलवला, जमिनीची लाकडी फळी उचलली. खाली सगळं ओलं!

"पुण्यात स्टोव्हवर संसार केलाय मी," काकू म्हणाल्या.

गॅरेथने मीटर गुपचूप बॅगेत टाकला.

*

बाहेर डॉक्टरकाका पाण्याचा पाइप घेऊन तयार!

"काका, थांबा! पाणी मारलंत तर तेल सरळ ओढ्यात जाईल."

"अगं, आयुष्यभर जखमा धुतल्या मी."

"ही धुवायची नाही, टिपायची."

मी तेल शोषणारे पांढरे पॅड हातात दिले आणि काका खुलले. आम्ही अंथरलेल्या प्रत्येक पॅडची त्यांनी चार्टवर नोंद ठेवली. 'नऊ वाजता बदलला. स्राव कमी.' ओढा वाचला. गॅरेथने तो चार्ट रिपोर्टला जोडला!

*

पण तेल कुंपणाखालून शेजारी गेलंच होतं. शेजारी एम्लिन, ऐंशीचा, एकटा. बायकोबरोबर तीस वर्षं कसलेला भाजीचा वाफा. तो पूर्ण खणून न्यावा लागणार होता.

काका टाय लावून माफी मागायला गेले. एम्लिनने एकदा वाफ्याकडे बघितलं.

"पाइप फुटला, डॉक्टर. तुम्ही नाही फोडलात." मग म्हणाला, "घरातली जमीन उखडणार म्हणे. राहणार कुठे?"

"हॉटेलात."

"माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत."

*

एम्लिनकडे राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात काका मला रोज विचारायचे, "घरी कधी?" नंतर विचारेनासे झाले. वाफ्यात नवी माती आली, तेव्हा तिघं मिळून रोपं लावत होती. काकूंनी एका कडेला मेथी पेरली. "हे गवत कशाला?" म्हणणारा एम्लिन महिन्याभरात मेथीचे पराठे मागून खायला लागला!

*

शेवटी घराचे आणि मातीचे सगळे सॅम्पल स्वच्छ आले. रिपोर्ट घेऊन मी स्वतः गेले. एम्लिनच्या किचनमध्ये तिघं चहा पीत होती.

"काका, काकू, ऑल क्लिअर! उद्यापासून तुम्ही तुमच्या घरी!"

काकूंनी कप खाली ठेवला. एम्लिन खिडकीबाहेर बघायला लागला.

काकांनी चष्मा लावला, रिपोर्ट दोनदा वाचला आणि घडी करून मला परत दिला.

"सेकंड ओपिनियन घेऊ या का?"