गप राहिला म्हणजे होकार

सोमनाथ डोक्यानं तल्लख, पण हट्टी. बाप यमाजी मेंढरं राखायचा आणि पोरानं ओतूरला पीयूषशेठच्या पैशानं, त्याच्याच दुकानावरच्या खोलीत बसून त्याच मेंढरांसाठी यंत्रणा जुळवली. शेतात लेंड्यांच्या खतासाठी कळप बसवायचा, तर शेतकरी, मेंढपाळ आणि पाण्याचा टँकरवाला अशा तिघांचे मोबाइलवरचे निरोप सर्व्हरवर रांगेत यायचे. तिघांचा होकार आला तरच ‘पक्कं’. एकानंही नाही म्हटलं की सगळ्यांचं रद्द. सांगायला कसं झकास!

पण डोंगराकडं रेंज कुठाय राव? निरोप अडकायचे, सगळंच लोंबकळायचं, पीयूषशेठ कावायचा. शेवटी वैतागून सोमनाथनं सेटिंग फिरवलं. तासाभरात उत्तर आलं नाही तर होकार धरायचा.

"अरे, असं चालतं का?" पीयूषनं विचारलं.

"आमच्यात असंच चालतं शेठ. बांधावर जाऊन इचारायचं, मालक गप राहिला की मेंढरं घालायची. आबानं जन्मभर हेच केलं."

अहो, पण बांधावर माणूस समोर असतो, त्याचं तोंड दिसतं! या शहाण्याला कोण सांगणार?

जानकू नावाच्या शेतकऱ्यानं आधी कळपाला रान द्यायचं म्हटलं होतं. मग त्याचा बेत बदलला, त्यानं रानात हरभरा टोकून पेरला आणि मोबाइलवर ‘नाही’ दाबलं. रेंजच नव्हती, ते ‘नाही’ तिथंच अडकलं. तास सरला आणि यमाजीला ‘पक्कं’ असा निरोप गेला. म्हाताऱ्याला माती ताजी हललेली दिसली, तो थबकलाही. पण पोराचं यंत्र खोटं कसं बोलेल? त्यानं कळप आत घातला.

जानकू कोयता घेऊनच धावला. आधी दोन मेंढ्यांच्या माना उडवल्या. यमाजी आडवा गेला, "तुमीच पक्कं केलंया!" म्हणत मोबाइल पुढं केला, आणि त्या हातावरच कोयता बसला. पुन्हा बसला. हाडापर्यंत गेला तरी जानकू थांबेना. शेवटी धावून आलेल्या लोकांनी जानकूला लाथांनी तुडवलं, दगडानं त्याचं तोंड फोडलं, तेव्हा कुठं कोयता सुटला.

सोमनाथ दवाखान्याच्या वाटेवर असतानाच जानकूचं ‘नाही’ त्याच्या मोबाइलवर येऊन पडलं. ते वाचून तो धावतच सुटला.

"हात काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल," डॉक्टर म्हणाले. "ते शुद्धीवर आहेत. त्यांना विचारा."

यमाजी डोळे मिटून पडलेला. त्याचा धाकटा भाऊ भागू म्हणाला, "दादा गप हाय, म्हंजी व्हय समज. कर सही."

"न्हाई!" सोमनाथ किंचाळला. "गप म्हंजी व्हय न्हाई, काका!" त्यानं बापाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, ढसाढसा रडला. "आबा, तुमी सांगा. तुमी बोलल्याबिगर मी सही करनार न्हाई."

यमाजीनं डोळे उघडले. आधी हाताकडं पाहिलं, मग पोराकडं.

"काप म्हन त्येंना," तो म्हणाला. "पर आता मेंढरं तू राखायची."